काट्यावर एक पाय

वजनकाट्यावर ती आधी एकच पाय ठेवायची. दुसरा खाली फरशीवर. मान वाकवून आकडा पाहायची, तीस येवो नाहीतर बत्तीस, आणि मला म्हणायची, "लिव बाई. इतलीच आहो मी."

"आणि बाकीची?"

"बाकीची तलावात आहे."

दर महिन्याला हेच, आणि मागच्या रांगेतल्या बाया दर महिन्याला पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या हसायच्या. मीसुद्धा. मग ती दुसरा पाय वर घ्यायची आणि काटा धाडकन सहासष्ट किलोवर जाऊन बसायचा. उंची चार फूट नऊ इंच. गावात सगळे तिला मोठीबाई म्हणायचे. घरातली थोरली सून म्हणून मोठीबाई, पण नवीन माणसाला वाटायचं अंगानं मोठी म्हणून. दोन्ही अर्थ तिला चालायचे. कोणी चुकून तिसरा काढला, तर तो ती स्वतः दुरुस्त करायची.

तुमच्याही ओळखीत अशी एक जण असणारच, जरा आठवून बघा. दारातून आत आली की पंखा हळू झाल्यासारखा वाटतो, आणि निघून गेली की खोली उगीच मोठी दिसते. झालं? तर माझी ती ही.

मी ऊर्जानगरची, चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या वसाहतीतली. म्हणजे क्वार्टर, कंपनीची बस, पप्पांची शिफ्ट, आणि सगळ्या गोष्टी नळाला येतात असा समज. नर्सिंग केलं, समुदाय आरोग्य अधिकारी झाले आणि पोस्टिंग मिळालं अहेरीच्या पलीकडच्या एका गावातल्या उपकेंद्रात. सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीकडं जाणाऱ्या ट्रकांच्या मागं मागं एसटी रांगत जाते, आणि दोन्ही बाजूला धानाच्या बांध्या दिसायला लागल्या, मोहाच्या झाडांखाली तलावाची लांबच लांब पाळ, म्हणजे मातीचा बांध, दिसली, की उतरायचं.

उतरले तर माझ्यासोबत एक लोखंडी पेटी, एक गॅसचं सिलिंडर आणि एक गादी. उपकेंद्र अर्धा किलोमीटर. मी कोणाला फोन लावावा या विचारात असताना एक बाई पाळीवरून आली. ओला पदर कमरेला खोचलेला, खांद्यावर जाळं. जाळं माझ्या हातात दिलं, पेटी डोक्यावर घेतली, सिलिंडर काखेत मारलं आणि चालायला लागली. गादीसाठी नंतर परत आली. मी जाळं घेऊन मागून जाता जाता दोनदा थांबले. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा ती वळून म्हणाली, "काऊन वो काडीबाई, जेवते ना तू?"

मी म्हटलं, जेवते हो, माझा बीएमआय साडेएकोणीस आहे, एकदम नॉर्मल.

तिनं पेटी डोक्यावर ठेवूनच विचारलं, हा कोनचा रोग आहे.

तेव्हापासून मी तिची काडीबाई. सगळ्या स्टाफसमोर, पेशंटसमोर, एकदा तर फोनवर माझ्या मम्मीसमोरसुद्धा.

मोठीबाईचं सासर मासेमारीवालं. तलावात सकाळी जाळं, दुपारी शेतात काम, मासोळी जास्त निघाली तर बर्फ टाकून अहेरीच्या बाजारात. उरलेल्या वेळात ती आमच्या व्हरांड्यात बसून जाळं विणायची, कारण म्हणे तिथं वारा चांगला लागतो. खरं म्हणजे तिला गर्दी लागायची. ओपीडीच्या दिवशी न नेमलेली शिपाई तीच. "नंबरानं या जी," असं ती बसल्या जागेवरून म्हणायची, आणि सरपंचभाऊसुद्धा नंबरानं यायचे.

बीएमआय काय असतं ते मी तिला व्हरांड्यातच समजावलं. किलोमधलं वजन घ्यायचं, मीटरमधल्या उंचीनं भागायचं, आणि पुन्हा उंचीनंच भागायचं. जे येईल त्यावरून माझ्या मोबाइलमधलं ॲप सांगतं: हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे लठ्ठ. माझा हिरवा. तिचा एकतीस पूर्णांक चार, भडक लाल.

तिनं सुई थांबवली. विचार करून राह्यली होती, ते दिसतच होतं. मग म्हणाली, "मासोळीचं टोपलं काट्यावर ठेवलं. वीस किलो भरलं. त्याच्यात मासोळी किती अन बरफ किती, ते कुठी दिसते?"

मी म्हटलं, ते नाही दिसत.

"मंग काटा खोटा नाई जी. अर्धा आहे."

हे वाक्य तिनं इतक्या वेळा वापरलं की विचारू नका. पावसाचा अंदाज चुकला, काटा अर्धा. तिच्या जावेनं भाजीत मीठ कमी टाकलं, काटा अर्धा. माझ्यासाठी एक स्थळ आलं, मुलाचा पगार ऐकून माझी मम्मी खूश, आणि ही फोटो न्याहाळून म्हणते, काटा अर्धा आहे, अगोदर बोलून पाय.

तिच्याजवळ स्वतःचं एक माप होतं. जाळ्याचा दोरा उरला की ती करदोडे विणायची. कमरेला बांधायचा काळा दोरा हो, लहान पोरांच्या आणि बाप्यांच्या कमरेला असतो तोच. गावातले निम्मेअधिक करदोडे तिच्या हातचे. बांधताना दोन बोटं आत जातील इतकी जागा ठेवायची, त्याच्या वर नाही, खाली नाही. त्यामुळं गावातल्या प्रत्येक कमरेचा हिशेब तिच्या बोटांत होता. कोणाचा काचायला लागला, कोणाचा ढिला झाला, सगळं तिला माहीत.

एकदा ती शेजारच्या घरातल्या दीड वर्षाच्या पोरीला कडेवर घेऊन आली. मला म्हणाली, हिचा करदोडा खाली घसरून राह्यला, पंधरा दिवसांआधी मीच बांधला होता. मी पोरीकडं पाहिलं तर गाल गुबगुबीत, हसरी. तरी वजन केलं. पाऊण किलो कमी. जुलाब लागून गेले होते आणि आईनं घरच्या घरी निभावून नेलं होतं. पोरगी महिन्याभरात सुधारली. पण त्या दिवशी माझ्या चार्टच्या आधी एका दोऱ्याला कळलं होतं. मी हे मीटिंगमध्ये सांगितलं तर सगळे हसले. मला नाही हसू आलं.

आता बोटींची गोष्ट.

तलावावर बोटिंग सुरू होणार अशी बातमी आली. नागपूरचा कोणी ठेकेदार, पाच-सहा बोटी, जंगल पाहायला येणारे पर्यटक इकडं वळवायचे. वल्हवायला आणि कोणी पाण्यात पडलं तर काढायला गावातल्याच सहा बाया घेणार. अंगात निळं जाकीट, गळ्यात शिट्टी. मोठीबाईनं पहिलं नाव स्वतःचं दिलं. तिचं माहेरही गावातलंच, सहाव्या वर्षापासून ती त्या तलावात पोहत होती. कुठं गाळ, कुठं झरा, कुठं बुडालेलं सागाचं खोड, तिला पाठ. ती आतापासूनच शिट्टी वाजवून दाखवायची, तोंडानंच. रांगेतला कोणी मध्ये घुसला की फुर्रर्र.

ठेकेदाराची एक अट होती: प्रत्येकीचा फिटनेस रिपोर्ट उपकेंद्रातून. सोपं काम. मी एका तासात चाळीस जणींच्या नोंदी केल्या, गावातल्या बाकीच्या तपासणीसकट. टायपिंग माझं फास्ट, सगळे म्हणतात. वजन, उंची, एंटर. वजन, उंची, एंटर. मोठीबाईच्या नावापुढं लाल पट्टी आली आणि ॲपनं शेरा मागितला. शेरा रिकामा ठेवला की ते पुढं जाऊ देत नाही. मी टाइप केलं, 'लठ्ठ', आणि एंटर.

खरं सांगते, विचारच केला नाही. बोटं पुढं गेली होती.

तीन दिवसांनी यादी लागली. पाच नावं. सहावं खोडलेलं, आणि पुढं कंसात माझाच शब्द.

ती दुपारी आली. मला वाटलं ऐकवेल चांगलं. काटा भिंतीजवळ होता, तो तिनं पायानं ओढला आणि दोन्ही पाय एकदम ठेवून उभी राहिली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. व्हरांड्यात चार बाया होत्या, कोणी हसलं नाही.

"पूरी उभी आहो. आता लिव काय लिवाचं ते," ती म्हणाली. आणि मग एकदम हळू, "माह्याच तलावाच्या काठावर बसून दुसऱ्याइले पाहू का मी?"

मी तिथंच आमच्या डॉक्टरसाहेबांना फोन लावला. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते एकटेच, कायम घाईत, पण माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, अगं बीएमआय ही चाळणी आहे. हजार माणसांतून कोणाकडं नीट बघायचं ते तिच्यानं कळतं. चाळणीत अडकलं ते सगळं खडाच असतं का? हातात घेऊन पाहावं लागतं. तू पाहिलंस का? मी म्हटलं नाही. म्हणाले, मग गुरुवारी आपण दोघं पाहू, आणि त्या ठेकेदाराच्या माणसालाही बोलाव.

गुरुवारी अख्खं गाव उपकेंद्रासमोर. ठेकेदाराचा मॅनेजर आला, तिशी-पस्तिशीचा, हातपाय बारीक, इस्त्रीचा शर्ट, बोलायला चांगला. तो म्हणाला, मॅडम, माझं वैयक्तिक काही नाही, पण मशीन म्हणजे मशीन. उद्या काही झालं तर मला विचारतील. चूक नव्हतं त्याचं.

मोठीबाई म्हणाली, "साहेब, तुमी चढा न एकवार."

तो हसत हसत चढला. सहासष्ट किलो. मी उंची घेतली, पाच फूट सात इंच. ॲपमध्ये टाकलं, बावीस पूर्णांक आठ, हिरवा. "पाहा," तो म्हणाला. लोकही म्हणाले, हो भाऊ, हिरवा आहे.

मोठीबाईनं त्याच्याभोवती एक चक्कर मारली. बाजारात बकरा पाहतात तसं. मग समोर येऊन थांबली. शर्टाच्या खालच्या दोन बटणांत जरा ओढाताण होती, तिकडं पाहत तिनं विचारलं, "करदोडा घालता ना जी?"

मॅनेजर लाजला. आईमुळं घालावा लागतो म्हणाला. दाखवायला नको नको करत शेवटी शर्टाच्या कडेनं तेवढा दोरा वर काढला. काळा करदोडा, पण मध्ये तीन ठिकाणी जोड. एक काळा, एक चॉकलेटी आणि एक चक्क लाल.

तिनं तो रजिस्टर वाचावं तसा वाचला. "हे मूळ. हे लग्नाच्या बादचं. हे पोरगं झालं तवाचं. अन हे लाल?"

"मागच्या दिवाळीचं," मॅनेजर म्हणाला. "काळा दोरा घरात नव्हता."

लोकांना हसू आवरेना, मॅनेजरलाही. तिनं मात्र हसू दिलं नाही फार. म्हणाली, "तुमी बी सहासष्ट, मी बी सहासष्ट. पन तुमचं कुठी ठेवलं आहे अन माहं कुठी, ते काट्याले दिसत नाई साहेब."

डॉक्टरांनी टेप काढली. मॅनेजरची कंबर अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर, बाप्यांची नव्वदच्या आत हवी. त्याला ते आत घेऊन गेले, दार लावलं, बरंच काही समजावलं असावं, कारण बाहेर आल्यावर त्यानं चहात साखर घेतली नाही. मोठीबाईची कंबर एक्क्याऐंशी. बीपी चांगलं, शुगर चांगली, नाडी शांत. पण डॉक्टर तिलाही म्हणाले, बायांची ऐंशीच्या आत हवी, एक सेंटिमीटर जास्तच आहे, दर महिन्याला दाखवायचं, काटा अर्धा म्हणून पळायचं नाही. मोठीबाई म्हणाली, एका सेंटिमीटरासाठी बोलता का जी? डॉक्टर म्हणाले, हो, बोलतो. ती म्हणाली, बरं. आमच्याकडं तिनं एवढ्या लवकर बरं म्हटलेली ही एकच नोंद.

तरी मॅनेजर म्हणाला, एकदा पाण्यात पाहू, म्हणजे मलाही ठेकेदाराला सांगता येईल. बुडणारा माणूस कोण होणार? सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. हलकी मीच. बीएमआय हिरवा.

मला पोहता येत नाही हे मी तीन वेळा सांगितलं. मला लाइफ जाकीट घातलं, बोटीतून तलावाच्या मध्यात नेलं, आणि मी स्वतः उडी मारायच्या आधीच बोट हलली आणि मी पडले. नाटक करायची गरज राहिली नाही. जाकिटानं मला वर ठेवलं होतं, पण ते मला कोणी पटवून देणार तेव्हा ना. मी ओरडत होते, पाणी पीत होते, आणि पाळीवरून लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं काय भारी करून राह्यली ही पोरगी.

तोंडावर पाणी उडालं आणि एकदम मागून काखेत एक हात आला. मासोळीचा वास. कानाजवळ एकदम साधा आवाज, व्हरांड्यात बसून बोलावं तसा. आमच्याकडं बायासुद्धा 'मी येतो, मी धरतो' असंच म्हणतात. तशी ती म्हणाली, "धरलो मी तुले. आता हातपाय झाडू नोको, आभायाकडं पाय."

मी आभाळाकडं पाहिलं. ती मला ओढत होती आणि तिचा श्वास माझ्या कानाशी चालला होता, एकसारखा, न घाई न धाप. मी, साडेएकोणीस, धापा टाकत होते. ती, एकतीस पूर्णांक चार, मला मध्येच विचारत होती की आज जेवायला काय केलं. काठ आला तेव्हा तिनं मला गाळात उभं केलं, माझी वेणी पिळली आणि मॅनेजरकडं वळून तोंडानं शिट्टी वाजवली.

सहावं नाव त्याच दिवशी लिहिलं गेलं. डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं रिपोर्ट लिहिला, सही-शिक्क्यासकट. मॅनेजर पुढं दर महिन्याला आमच्याकडं बीपी तपासायला यायला लागला. नंबरानं. चौथा जोड लागला नाही, उलट लाल निघाला. तो त्यानं मोठीबाईला आणून दाखवला, मेडल दाखवावं तसा.

बोटी सुरू झाल्या आणि आमचा व्हरांडा मात्र रिकामा झाला. ती आता दिवसभर पाण्यात. ओपीडीत लोक नंबर सोडून घुसायला लागले. महिन्यातून एकदा निळ्या जाकिटात यायची, काट्यावर एक पाय, तेच बोलणं, तेच हसणं, कंबर ऐंशी झाली ते चारचौघांत सांगून घ्यायचं, आणि गेली.

मग माझी बदली झाली, पार चंद्रपूरच्या बाजूला. घराजवळ, मम्मी खूश. आदल्या संध्याकाळी मोठीबाई आली आणि मला म्हणाली, हात वर कर. काळा दोरा काढला. मी म्हटलं, मोठीबाई, बाया कुठं घालतात करदोडा. ती म्हणाली, नाई घालत, पन तुले पाहिजे, तू घाईत जेवनं विसरते. दोन बोटं आत घालून गाठ मारली आणि दातानं दोरा तोडला. "ढिला झाला का जेवाचं. काचला का चालाचं. मोबाइल पाहाचं काम नाई."

सकाळची एसटी पाळीच्या कडेनं जाते. तलावात एकच बोट होती, मध्यावर, चार पर्यटक आणि ती. एसटी पाहून तिनं वल्हं वर केलं. मग उभी राहिली, एक पाय उचलून बोटीच्या काठावर ठेवला, आणि बोट तेवढीच कलली. पर्यटकांनी एकमेकांना धरलं. ती हसत होती, एवढ्या लांबून आवाज येत नव्हता, पण खांदे हलताना दिसत होते. ट्रक आडवा आला आणि मग फक्त मोहाची झाडं.

ॲपमध्ये ती अजून लाल आहे. वजन आणि उंची टाकली की ते लालच दाखवणार, कंबरेसाठी आणि श्वासासाठी तिथं रकाना नाही. पण शेरा बदलता येतो. बदलीच्या आदल्या दिवशी मी तिची नोंद उघडली होती. माझा तो जुना शब्द खोडला आणि या वेळी एकेक अक्षर सावकाश टाइप केलं:

'काट्यावर अर्धीच. बाकीची तलावात पाहावी.'